न्हाणीचा उतार

“तांब्याभर पानी ओता की अक्का. कुटं जातंय बगू या, मग बशिवा फरशी.”

चंद्रव्वाचा हा आवाज बावीस वर्षं माझ्या कानात आहे. आमच्या शेजारच्या प्लॉटवर घमेली वाहायला येणारी ती मैंदर्गीकडची बाई. बोलायची मराठी, पण हेल कानडी. तिच्या मुकादमाकडून आम्ही थापी मागून आणली होती. ती परत न्यायला म्हणून आली आणि न्हाणीच्या दारात थबकली. पदर कमरेला खोचलेला, पाय सिमेंटनं पांढरे. आत माझे यजमान उकिडवे बसून आयुष्यातली पहिली फरशी बसवत होते. चंद्रव्वा त्यांना काही बोलली नाही, मला बोलली. हातात दोरी आणि सपाटी बघायची पाणसळ धरलेला शिकलेला माणूस घमेलं वाहणाऱ्या बाईचं ऐकत नसतो, हे तिला ठाऊक असावं.

आतून उत्तर आलं, मान न वळवता. “नळ येऊन आज चौथा दिवस आहे. पुन्हा उद्या येणार. पिंपात तळाला पाणी उरलंय, ते काय फरशीवर ओतायला?”

चंद्रव्वानं माझ्याकडं बघितलं. मी माझ्या पायांकडं बघितलं.

“ऱ्हाऊ द्या मग,” ती हसून म्हणाली. “सायेब शिकल्याले हायेत.” आणि थापी न घेताच गेली.

ते तांब्याभर पाणी आम्ही वाचवलं. आणि त्यापायी मी पुढं जे पाणी लोटलं, त्यानं होटगीचा तलाव भरला असता.

काय चुकलं ते दुसरीतल्या पोरालाही कळेल. न्हाणीची जाळी आतल्या कोपऱ्यात. ह्यांनी काम तिथून सुरू केलं आणि मागं सरकत सरकत दाराकडं आले. पहिल्या फरशीखाली सिमेंटचा माल सढळ हातानं पडला. पुढं माल कमी पडू लागला तसा थर पातळ होत गेला. शेवटची फरशी ठोकून हे दारातून बाहेर आले, तेव्हा जाळीची बाजू उंच आणि दाराची बाजू सखल होऊन बसली होती. फरक डोळ्यांना दिसणार नाही एवढाच. पाण्याला मात्र दिसला.

दोन दिवसांनी नव्या न्हाणीत पहिली अंघोळ ह्यांची झाली. पाणी जाळीकडं गेलंच नाही. ते सरळ दाराशी आलं आणि उंबऱ्याला टेकून उभं राहिलं, नवी सून माप ओलांडायच्या आधी उभी राहते तसं, खाली मान घालून.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण हे बाहेर आले ते हसत आले. माझ्या ह्यांना, म्हणजे कमलाकररावांना, तसं हसताना मी लग्नानंतर फार वेळा बघितलं नव्हतं. पाटबंधारे खात्यातले कारकून. सासरे म्हणायचे, याच्या हातून भिंतीत खिळा सरळ जायचा नाही. ते हे चारचौघांत म्हणायचे, जेवायला बसल्यावर म्हणायचे, माझ्या माहेरच्यांसमोरसुद्धा म्हणायचे. आणि हा माणूस आता स्वतः बसवलेल्या फरशीवर अंघोळ करून उभा होता. भुवईला सिमेंट अजून चिकटलेलं. त्यांनी आठ वर्षांच्या आमच्या इंद्रायणीला कडेवर घेतलं, एवढ्या मोठ्या पोरीला, आणि म्हणाले, “ही फरशी कुणी बसवली? सांग बघू!”

“बाबांनी!”

मी मनात म्हटलं, उद्या सांगू.

मग उद्याचा परवा झाला. परवाचा श्रावण झाला. श्रावणाची दिवाळी. सिमेंट कसं सुकतं, तसं न बोललेलंही सुकतं. आधी बोटानं खरवडून निघालं असतं. मग छिन्नी लागली असती. मग पहार.

त्या दिवसापासून माझी सकाळ ठरून गेली. हे अंघोळ करून बाहेर येतात, धोतर नेसून देवाला बसतात, आणि मी खराटा घेऊन आत जाते. दाराशी साचलेलं पाणी जाळीकडं लोटायचं. ते पुन्हा दाराकडं येतं. पुन्हा लोटायचं. उरलेलं सुपलीत भरून बादलीत घालायचं आणि बादली संडासात ओतायची. मी प्राथमिक शाळेत बाई होते. तीस वर्षं पोरांना शिकवलं की पाणी उताराकडं वाहतं, फळ्यावर डोंगर काढून, निळ्या खडूनं नदी काढून. आणि रोज सकाळी शाळेत जायच्या आधी मी त्याच पाण्याला खराट्यानं उलट्या दिशेनं हाकत होते.

माझी आई जात्यावर ओव्या गायची. माझ्या नशिबी जातं नव्हतं, खराटा होता. पण तोंड गप्प राहीना. आत देवघरात ह्यांची घंटी वाजायची आणि न्हाणीत मी पुटपुटायची,

लोटिते मी पाणी, पाणी फिरून दारात
कशी सांगू माझ्या राया, चूक तुझ्या उतारात

ऐकणारं कुणी नव्हतं. फरशीनं ऐकलं असेल, पण तिचं तर सगळं हेच दुखणं.

खरा संताप त्या लोटण्याचा नाही. लोटते बाई, घरात काय काय लोटावं लागतं. संताप पुढचा आहे.

ह्यांनी ती बादली बघितली. न्हाणीचं पाणी मी संडासात वापरते हे बघितलं. आणि त्यांनी ठरवून टाकलं की ही पाण्याची काटकसर आहे. झालं. कुणी पाहुणा आला, की माझं कौतुक. “आमच्या दुर्गाचं पाणी वाचवणं बघा. अंघोळीचा थेंब वाया घालवत नाही. सोलापूरच्या बाईला पाण्याची किंमत कळते.” पाहुणे माना डोलवायचे. मी चहा ठेवायला आत जायची, आणि कपबशी ओट्यावर जरा जोरात ठेवायची. एवढंच. तेवढाच माझा निषेध.

फरशीनंतर ह्यांना हातकामाचं वेडच लागलं. थापी, गुण्या, ओळंबा, पाणसळ, सगळं एका पिशवीत घालून पिशवी कोनाड्यात, देवाच्या शेजारी. निवृत्तीनंतर तर विचारूच नका. सोलापूरच्या पाण्यानं नळावर पांढरे थर चढतात, हे रविवारी व्हिनेगरचं फडकं बांधून ते काढणार. काढतातही छान, खोटं कशाला बोलू. कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी विचारलं, गीझर गळतोय, टाईलला चीर गेलीय, कमोड डुगडुगतोय, की पहिलं उत्तर ह्यांचं. ‘स्वतः करा. बाहेरचा माणूस मनापासून करत नाही.’ लोक खाली हात जोडलेलं चित्र टाकतात.

आणि न्हाणीच्या दारातलं पाणी? ते त्यांना कधी दिसलंच नाही. अंघोळ झाली की ओलं असायचंच, असं ते धरून चालतात. ओलांडून येतात. त्यांच्या पाठीमागं मी आत जाते. त्यांनी परत कधी न्हाणीत डोकावून बघितलं, तर फरशी कोरडी, लखलखीत.

इंद्रायणी त्याच न्हाणीत वाढली. पाणी लोटणं हा अंघोळीचाच भाग, असं पोरीला वाटायचं. साबण लावायचा, अंग पुसायचं, पाणी लोटायचं. तिचं लग्न झालं, आदिनाथरावांच्या घरी गेली, वेळापूरला. पहिल्याच सकाळी अंघोळ करून तिनं खराटा मागितला. तिच्या सासूबाई, मुक्ताबाई, हसून हसून खाली बसल्या. “अगं बाय, पानी आपसूक जातंय की! तू कशापायी लोटायलीस? म्हायेरी काय पान्याला पाय न्हाईत व्हय?”

त्या रात्री पोरीचा फोन आला. “आई, आपल्याकडं पाणी आपोआप का जात नाही गं?”

“फरशी जुनी झालीय, बाई,” मी म्हणाले.

नवऱ्याला न सांगणं ही माया असते, असं मी एकवेळ म्हणेन. पण पोरीशी खोटं बोलले, त्या रात्री मला माझीच चीड आली. खराटा हातात नव्हता, तरी ओठांवर ओवी आली.

पाणी बोलतं गं खरं, त्याच्या पोटात ना पीळ
माझ्या तोंडाला गं बाई, कुणी घातली ही खीळ

मग गेल्या वर्षी माझा हात मोडला.

भाद्रपदातली सकाळ. हे अंघोळ करून आले. मी खराटा घ्यायला वळणार, तेवढ्यात फाटकात भाजीवाली हाक मारत आली. मेथी घेतली, वर कोथिंबीर मागून घेतली, आणि लगबगीनं न्हाणीत गेले. साबणाचं पाणी दारात उभं होतंच. पाऊल टेकलं आणि गेलं. उजवं मनगट दोन जागी मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

भेटायला लोक यायचे. हे खुर्ची पुढं ओढून सांगायचे, “किती वेळा सांगितलं हिला, बाथरूममध्ये पाणी सांडून ठेवू नकोस. पण घाई! सगळ्यात घाई!” मी पलंगावर बसून ऐकायची. प्लास्टरमध्ये हात असा ठणकायचा, की वाटायचं तोच उठून बोलेल. तो बोलला नाही. मीही नाही.

आणि मग दारावर पाटी लागली. ह्यांनी स्वतः टाईप केली, झेरॉक्सच्या दुकानातून प्लॅस्टिक चढवून आणली. ‘पाणी सांडू नये. सावकाश चालावे.’ खिळा मात्र सरळ गेला होता. घरात माणसं दोन. ही पाटी कुणासाठी होती ते सांगायला नको. त्या पाटीखालून मी सहा आठवडे वाकून आत जात होते आणि ह्यांचं पाणी डाव्या हातानं लोटत होते.

एवढं होऊनही मी बोलले नसते. हे खरं आहे आणि ते मी लपवत नाही. बोलायची वेळ आली ती मुक्ताबाईंमुळं.

मुक्ताबाई माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या. वेळापूरच्या शेतात बांधावरून पडल्या, खुब्याचं हाड गेलं. ऑपरेशन झालं, आत वाटी बसवली. पोरगी आणि जावई आता जुळे सोलापुरात फ्लॅटमध्ये राहतात, आमच्यापासून दोन चौक पुढं. विहीणबाईंना तिकडं आणलं. वॉकर धरून चार पावलं टाकता येतात, पण खाली बसायचं नाही, पायरी चढायची नाही. फ्लॅटच्या न्हाणीला अर्धा फूट उंबरा, आत भारतीय संडास. म्हणजे सगळं नव्यानं करायला हवं. आदिनाथराव शिक्षक, सरळ माणूस. त्यांनी प्रभुलिंग नावाच्या गवंड्याला सांगून ठेवलं होतं.

हे ऐकून ह्यांचा चेहरा पडला. “गवंडी कशाला? मी काय मेलो होय?”

“तसं नाही बाबा, तुम्हाला त्रास...” इंद्रायणी म्हणाली.

“त्रास कसला? चार दिवसांचं काम. आदिनाथराव, फोन करा आणि सांगा त्याला, नको म्हणावं.”

जावई काय बोलणार? सासऱ्याला नको म्हणणं त्यांच्या जिभेला जमणारं नव्हतं. प्रभुलिंगला फोन गेला.

घरी आल्यावर मी म्हणून बघितलं. “बाकी सगळं तुम्ही करा. पण तेवढी फरशी गवंड्याकडून घेऊ या का? गुडघे दुखतात तुमचे.”

“दुर्गा, फरशी हाच तर माझा हातखंडा,” हे म्हणाले, आणि पिशवीतली पाणसळ काढून फडक्यानं पुसत बसले. लहान मूल नव्या सायकलचं चाक पुसतं तसं. मला तेव्हा त्यांचा राग आला, आणि त्यांची दयाही आली. दया आली याचाच जास्त राग आला.

दोन दिवस तोडफोड झाली. उंबरा उडवला. प्लंबर येऊन कमोडची जोडणी करून गेला. भिंतीला धरायचे दांडे ह्यांनीच लावले, आणि मजबूत लावले. मी स्वतः लोंबकळून बघितलं. तिसरा दिवस फरशीचा.

मी पोळ्यांचा डबा घेऊन गेले तेव्हा काम निम्म्यावर आलं होतं. मुक्ताबाई हॉलमध्ये खुर्चीवर, समोर वॉकर. इंद्रायणी त्यांच्या पायाला तेल लावत होती. न्हाणीच्या दारात आदिनाथराव हातात मोबाईल घेऊन शूटिंग करायलेले.

“या विहीणबाई,” मुक्ताबाई म्हणाल्या. “बगा तरी, इवाय गवंडी झाल्यात. लई हौशी मानूस.”

“हो, हौस फार,” मी म्हणाले.

“मला काय, कवा एकदा न्हाईन असं झालंय. तीन म्हयने झाले, ओल्या फडक्यानं अंग पुसायलेय. अंगावर तांब्या घेतल्याबिगर न्हालं असं वाटतंय व्हय?” आणि मग आवाज खाली आणून, “पर भ्या वाटतंय हो. डाक्टर म्हनला, आज्जी, आता पडलात तर उठायच्या न्हाईत. असं तोंडावर म्हनला मेला.”

त्यांचा हात वॉकरवर होता. हाताच्या शिरा दोरखंडासारख्या. बांधावरची माती तुडवलेले पाय इंद्रायणीच्या मांडीवर, दोन वाळल्या शेंगांसारखे. मी डबा ओट्यावर ठेवला आणि न्हाणीच्या दाराशी गेले.

आत जाळी कुठं? आतल्या कोपऱ्यात.

काम कुठून सुरू केलेलं? जाळीपासून.

हे मागं मागं सरकत दाराकडं यायलेले. घमेल्यात माल तळाला गेलेला. कोपऱ्यातल्या टाईलखाली दोन बोटं थर, आणि आता गुडघ्याशी होती त्या टाईलखाली जेमतेम एक. तीच पाठ, तेच सरकणं, तोच थापीचा आवाज. फक्त केस पांढरे झालेले.

“अहो,” मी म्हणाले, “तांब्याभर पाणी ओतून बघा ना आधी.”

हे हसले. “झाली तपासणी सुरू. शाळा सुटली तरी बाईंची सवय सुटत नाही.” आदिनाथराव हसले. हॉलमधून मुक्ताबाईही हसल्या, का हसायचं ते न कळता. “अगं, नळ येऊन आज चौथा दिवस. पुढचं पाणी उद्या. आणि ओल्या मालावर पाणी ओतलं की टाईल उचलते, एवढंही माहीत नाही?”

“थोडंसं ओता. वाटीभर.”

“दुर्गा, मध्ये मध्ये बोलू नको. आदिनाथराव, चालू आहे ना? हां.” मोबाईलकडं बघून ह्यांचा आवाज बदलला, ग्रुपवर बोलतात तसा झाला. “तर मंडळी, बाथरूमचं काम स्वतः करताना पहिली गोष्ट म्हणजे उतार. टाईल कितीही भारी घ्या, उतार चुकला की सगळं पाण्यात. हा उतार डोळ्यांनी दिसत नाही, तो हाताला कळावा लागतो. आमच्या घरची फरशी मी बावीस वर्षांपूर्वी बसवली. आजपर्यंत दारात एक थेंब साचलेला नाही.”

एक थेंब.

मी दाराची चौकट धरली. मागं वळून बघितलं, तर इंद्रायणी माझ्याकडंच बघत होती. तिच्या हातावर तेल तसंच होतं. लहानपणी खराटा हातात घेऊन उभी राहायची तशी ती बघत होती, आता मी काय करायचं, असं विचारत.

“उलट आमच्या मिसेसचं उदाहरण घ्या,” हे पुढं बोलायलेले. “फरशी उत्तम, पण माणूस बेसावध. पाणी सांडून ठेवलं, गेल्या वर्षी पडली, हात मोडला. म्हणून मुक्ताबाईंसाठी मी इथं पाटीसुद्धा करून आणणार आहे.”

“मला वाचाया येत न्हाई हो,” मुक्ताबाई हॉलमधून म्हणाल्या.

“आदिनाथराव, ते बंद करा,” मी म्हणाले.

“काय आई?”

“मोबाईल. बंद करा.”

त्यांनी बंद केला. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. वर्गात चाळीस पोरं एकदम गप्प व्हायची, तो आवाज. घरात तो मी कधी वापरला नव्हता.

“थापी खाली ठेवा,” मी ह्यांना म्हणाले.

“आता काय झालं?”

“आधी ठेवा.”

ह्यांनी ठेवली. उकिडव्यानंच मान वर करून बघितलं. चेहऱ्यावर कंटाळा, आणि मागं कुठंतरी थोडी भीती. किंवा ती मला दिसली असेल.

“आपल्या घरच्या फरशीचा उतार उलटा आहे,” मी म्हणाले. “पहिल्या दिवसापासून. पाणी जाळीकडं कधीच गेलं नाही. दाराकडं येतं. रोज येतं.”

“काहीतरीच काय बोलायलीस? बावीस वर्षं मला दिसलं नाही ते?”

“तुम्हाला दिसू दिलं नाही म्हणून दिसलं नाही. तुम्ही बाहेर आलात की मी आत जाते. खराट्यानं लोटते, सुपलीनं भरते. तुम्ही पाहुण्यांना सांगता ती काटकसर नव्हे ती. तुमची चूक मी बादलीत भरून संडासात ओतते. बावीस वर्षं. इंदू लहान होती तेव्हा तीही ओतायची.”

इंद्रायणी उठून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

“मग सांगितलं का नाहीस?” ह्यांचा आवाज चढला. “इतकी वर्षं माझी टिंगल करायलीस होय मनातल्या मनात?”

“टिंगल?” मी म्हणाले. “टिंगल करायची असती, तर एक दिवस न लोटता ठेवलं असतं. पाहुणे आले असते त्या दिवशी. तुम्ही खुश होतात. मामंजी तुम्हाला काय काय बोलायचे ते मी ऐकलं होतं, त्यांच्यासारखं मला बोलायचं नव्हतं. म्हणून गप्प बसले. आणि मग गप्प बसायचीच सवय लागली. तेवढं माझं चुकलं, ते मी कुणापुढंही कबूल करते. पण इथं मी लोटायला येणार नाही. इंदूनंही लोटायचं नाही. आत्ता कोपऱ्यातला थर बघा आणि हा इथला बघा. विहीणबाईंच्या वॉकरचा पहिला पाय पडणार तिथंच पाणी थांबेल. त्या पडल्या तर उठायच्या नाहीत. माल ओला आहे तोवर टाईल काढा, आणि दाराकडून उंच धरून पुन्हा बसवा. नाहीतर त्या प्रभुलिंगला बोलवा.”

मुक्ताबाईंनी खुर्चीतून विचारलं, “आदिनाथ, काय झालं रं?” आणि आदिनाथराव नुसतेच, “काही नाही आई, थांब,” असं म्हणाले.

ह्यांनी कोपऱ्याकडं बघितलं. मग गुडघ्याजवळच्या टाईलच्या कडेला बोट लावलं, थर बोटानं मापला. पुन्हा कोपऱ्यात सरकले, तिथला मापला. मला वाटलं, आता ओरडतील. मी ओरडण्याला तयार होते. माझ्याकडं अजून खूप होतं.

ते ओरडले नाहीत. त्यांनी थापीचं टोक शेवटच्या टाईलखाली घातलं आणि ती उचलली. ओल्या मालातून सुटताना तिचा चपक् असा आवाज झाला. ती भिंतीला टेकवून ठेवली. मग दुसरी. तिसरीला हात घातला आणि तिथं थांबले, माझ्याकडं न बघता.

“आणि तुझा हात?” त्यांनी विचारलं. अगदी हळू.

“मी पाणी सांडलं नव्हतं,” मी म्हणाले. “ते तुमच्या अंघोळीचं पाणी होतं.”